बॉनेटखालचा चिखल

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या वर कणकुंबीकडच्या शेतवाटांवर गाडी चालवणाऱ्या कुणाच्याही जीपचं बॉनेट उघडून बघा. इंजिन आहे तिथं लाल मातीचा ढिगारा दिसतो आणि त्यातून कुठंतरी डिपस्टिकची कडी वर आलेली असते. आमच्याकडं याला कुणी बिघाड म्हणत नाही. चिखलात गाडी घातली तर चिखल येणारच, असं धरून चालतात. मला ते मान्य नाही. चिखल कुठून येतो हे शोधता येतं आणि बराचसा थांबवताही येतो. गेल्या पावसाळ्यात मी हे काम माझ्या जीपवर केलं. कसं केलं ते सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ घरं अवलंबून आहेत.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत तारा नव्यानं गुंडाळायचा. मृग तोंडावर आला की मलप्रभेच्या काठावरच्या पाण्याच्या मोटरी पूर यायच्या आधी वर काढाव्या लागतात, नाहीतर नदी त्या पोटात घेते. पुढं तरणा आणि म्हातारा पाऊस लागला की गिरण्यांच्या, नळपाण्याच्या मोटरी जळायला लागतात. दहा-पंधरा हॉर्सपॉवरची मोटर कुणी खांद्यावरून आणत नाही, ती आणायला गाडीच न्यावी लागते. माझी गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप. फोर बाय फोर, पुढंमागं स्प्रिंगचे पाटे, एसी नाही. हौसेनं चिखल उडवायला मी ती नेत नाही. भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे आणि तिथं चाकांनी जमीन उकरायला जाऊ नये, या मताचा मी आहे. पण त्या बाजूच्या गावांच्या वाटांवर गाडी बंद पडली तर मागून दुसरी गाडी येईल याचा भरवसा नसतो आणि फोनला रेंज नसते. त्यामुळं गाडी बंद न पडणं हीच मोठी गोष्ट.

काम हातात घ्यायला कारण झाला तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. रात्री परत येताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा आधी मंद, मग ठळक पेटला. घरी येऊन मीटर लावला. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, काटा 12 च्याही खाली. बॅटरीतली शिल्लकच खाऊन गाडी घरापर्यंत आली होती. अल्टरनेटर काढून टेबलावर खोलला. माझं रोजचंच काम, पण आतलं दृश्य रोजचं नव्हतं. फिरत्या रिंगांना टेकणारे कार्बनचे ब्रश ज्यात बसतात त्या ब्रशहोल्डरच्या खाचेत लाल, घट्ट लेप बसला होता. बोटावर घेऊन चोळला तर मऊ लागला, पण नखाखाली बारीक कच करकरली. ब्रश त्या खाचेत मागंपुढं सरकायला हवा, तो तिथंच अडकला होता. दोन्ही स्लिपरिंगवर ब्रशच्या जागी चर पडले होते, नख अडकेल इतके खोल. ही आमची जांभ्याची माती. तिच्यात लोहाचा गंज असतो तशी बारीक कचही असते. पाण्याबरोबर ती कुठंही शिरते आणि पाणी उडून गेलं की घासायला मागं राहते.

नवे ब्रश घालून, रिंगा लेथवर साफ करून अल्टरनेटर पुन्हा बसवला असता तर पुढच्या पावसाळ्यात तो तसाच टेबलावर आला असता. म्हणून आधी चिखलाची वाट शोधायची ठरवली.

तसा चिखल नुसत्या अल्टरनेटरला त्रास देत नाही. रेडिएटरच्या जाळीत तो बसला की हवा जात नाही आणि घाटात गाडी तापते. बेल्टवर बसला की बेल्ट घसरतो, किंचाळतो, आणि पुलीच्या खाचेतली कच त्याला आतून खात राहते. सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या, तोंडात गेला की तिचं लहान दातेरी चाक, पिनियन, चिकटतं. वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे जोडांमध्ये, ओल धरून ठेवतो, आतल्या पिना हिरव्या पडतात, आणि मग एखादा दिवा लागतो, विझतो, आणि कारण कुणालाच सापडत नाही. इंजिनातला गरम धूर गोळा करणाऱ्या एग्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसलेला चिखल तर भाजला जातो. खानापूरची माती कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी नावाजलेली. गावात केंद्रीय ग्रामीण पॉटरी संस्था आहे ती उगीच नाही. तीच माती मॅनिफोल्डच्या उष्णतेत तापली की वीटभट्टीतल्यासारखी होते, छिन्नीशिवाय निघत नाही.

वाट शोधायला मी चुना वापरला. इंजिन पूर्ण धुऊन, कोरडं करून घेतलं. मग चाकाच्या वरच्या पत्र्याची आतली बाजू, फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा), बॉनेटची खालची बाजू आणि इंजिनाच्या ब्लॉकचा दिसणारा भाग, सगळीकडं पातळ चुना ब्रशनं फासला. बेल्ट, वायरी आणि अल्टरनेटर प्लास्टिकनं झाकून ठेवले. चुना वाळल्यावर आमच्या भातशेताच्या कडेला, चिखलणी झालेल्या वाफ्याशेजारच्या वाटेवरून आधी स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी नेली. थांबून बॉनेट उघडलं. मग पुसून, पुन्हा चुना लावून, तीच वाट चाक वळवलेलं ठेवून काढली.

पांढऱ्यावर लाल थेंब इतके स्पष्ट दिसतात की वेगळं काही शोधावं लागत नाही. थेंब तिरपा आपटला की लांबट होतो आणि त्याला शेपूट फुटतं. शेपूट ज्या दिशेला, थेंब त्या दिशेनं चाललेला. सरळ चालवल्यावर थेंब मुख्यतः खालून, रेडिएटर आणि बंपर यांच्या मधल्या फटीतून आलेले दिसले. चाक वळवल्यावर मात्र चित्रच बदललं. डाव्या बाजूच्या पत्र्यात चासीच्या वर जी मोठी मोकळी जागा आहे, तिथून चिखलाचा फवाराच आत आला होता, आणि सगळ्या शेपट्या वर आणि पुढं, थेट अल्टरनेटरच्या दिशेला. गाडी पुढं जाताना चाकाची मागची बाजू वर चढत असते आणि चिखल तिथून सुटून वर, पुढं उडतो. चाक सरळ असेल तर तो मडगार्डच्या पत्र्यावर आपटतो, वळलं की टायरचं तोंड त्या मोकळ्या जागेसमोर येतं. शेतवाटेवर गाडी सरळ असते किती वेळ? बांध, वळण, खड्डा चुकवणं, स्टिअरिंग सारखं फिरतच असतं.

तिसरी खूण बॉनेटच्या आत होती. फॅनच्या बरोबर वर, आडवी, सरळ, चार बोटं रुंद लाल पट्टी. बाकी बॉनेट जवळपास स्वच्छ. म्हणजे फॅन स्वतः चिखल आणत नाही, पण त्याच्या पात्यावर खालून जे पडतं ते तो गोल फेकतो. हे पट्टीचं गणित कळल्यावर मला फार बरं वाटलं. फॅनपर्यंत चिखल पोचू दिला नाही तर अर्धा प्रश्न सुटतो.

हे घेऊन उद्यमबागेत गेलो. बेळगावची उद्यमबाग फाउंड्र्यांची आणि मशिनिंगची. तिथं पत्रा, रबर, बोल्ट काहीही हुडकायला लांब जावं लागत नाही, आणि डोळ्यांनी माप घेणारे मेस्त्री आहेत. माझ्या ओळखीच्या मेस्त्रींनी जीपखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "सगळं पॅक करून टाकू की ओ. पत्रा मारतो, एक थेंब आत यायचा नाही."

मी म्हटलं, "मेस्त्री, आणि आतली गरम हवा कुठनं जाणार?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेबी खरंच. फॅन पुढनं ओढालाय, ते मागं कुठंतरी सोडाय पायजे."

इथंच या कामाची खरी गोम आहे आणि बरेच जण इथंच घाई करतात. रेडिएटरमधून फॅननं ओढलेली हवा इंजिनाभोवती फिरून बाहेर पडते ती खालून आणि बाजूच्या त्याच मोकळ्या जागांतून. म्हणजे चिखलाची आत यायची वाट आणि हवेची बाहेर जायची वाट एकच. ती बंद केली तर इंजिन स्वच्छ राहील आणि तापेल. लो गिअरमध्ये, वजन घेऊन, हळूहळू चढताना बाहेरचा वारा मदतीला नसतो, सगळा भार फॅनवर असतो. तिथं हवेची कोंडी परवडत नाही.

म्हणून आम्ही पत्रा न मारता रबरी पट्टा टांगायचा ठरवला, तोही आतून नव्हे, बाहेरून. मोकळ्या जागेच्या वरच्या कडेला पट्टा बोल्टनं धरायचा, बाजूंनी आणि खालून तो पत्र्यावर दोन-दोन इंच चढेल इतका मोठा ठेवायचा, पण खालची कड मोकळी सोडायची. बाहेरून चिखल आपटला की पट्टा पत्र्यावर दाबून बसतो. आतून हवेनं रेटलं की खालून किंचित उघडतो. पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये जी झडप असते तिचं काम हेच, एका बाजूनं येऊ द्यायचं, दुसऱ्या बाजूनं नाही. मोटरपंपाच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

रबर कोणतं, यावर बराच खल झाला. ट्रकच्या टायरची ट्यूब स्वस्त, सगळ्यांना माहीत, पण ती पातळ. चिखलाच्या वजनानं आत वळते, आणि बोल्टच्या भोकाजवळ फाटत जाते. जाड मडफ्लॅपचं रबर उलट इतकं ताठ की हवेनं उघडतच नाही. शेवटी भंगारवाल्याकडं फाउंड्रीतल्या वाळूच्या कन्व्हेअरचा जुना पट्टा मिळाला. दोन थर कापडाचे, जाडी साधारण 5 मिलिमीटर, वापरून वापरून लवचिक झालेला. आत कापड असल्यामुळं बोल्टचं भोक फाटत नाही. वाळू खाऊन बसलेल्या पट्ट्याला आमच्या मातीची काय तमा? कापायला चाकूच्या पात्याला साबणाचं पाणी लावत राहायचं, म्हणजे रबर पात्याला धरत नाही आणि कड सरळ येते.

रबर कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना केला, आणि यात आम्ही घाई केली नाही. नुसतं गाडी उभी असताना माप घेऊन चालत नाही. डावं चाक दगडांच्या थरावर चढवून पाटा पूर्ण दाबला, तेव्हा टायर कुठपर्यंत वर येतो ते बघितलं. मग जॅक लावून तेच चाक लोंबतं सोडलं. दोन्ही स्थितींत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. पुठ्ठ्याला टायर घासला की तिथं पेन्सिलनं खूण, खुणेच्या आत एक इंच सोडून कापणी. उजव्या बाजूला काम जास्त नाजूक. तिथून स्टिअरिंगचा शाफ्ट जातो, त्याला सांधा आहे, आणि खालून ब्रेकची होज वर येते. पट्ट्यात शाफ्टसाठी खालून चीर दिली आणि चिरेच्या वरच्या टोकाला गोल भोक, म्हणजे चीर पुढं फाटत नाही. शाफ्टच्या भोवती सगळीकडून बोटभर मोकळीक. ब्रेकची होज पट्ट्याला कुठंच लागता कामा नये, यावर मी अडून बसलो. पट्टा घासून होज गेली तर आत चिखल कमी आहे याचं सुख काय कामाचं? उजव्याच बाजूला मॅनिफोल्ड आहे. तो शेकडो अंशांपर्यंत तापतो, म्हणून तिथं वरचा वीतभर भाग रबराऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा केला आणि रबर त्याच्या खालून सुरू केलं.

धरताना नुसते बोल्ट न मारता पट्ट्यावरून ॲल्युमिनियमची लांब पट्टी ठेवली, 6 मिलिमीटरचे बोल्ट आणि हादऱ्यांनी न सैलावणारे नायलॉक नट. दाब सगळीकडं सारखा पडतो. जिथं गाडीला आधीची भोकं होती तीच वापरली. नवी भोकं पाडावी लागली तिथं कडांना प्रायमर लावला, कारण उघडा पत्रा आमच्या पावसात फार दिवस टिकत नाही.

खालच्या फटीसाठी 3 मिलिमीटर ॲल्युमिनियमची प्लेट केली, बंपरच्या मागून रेडिएटरच्या खालून सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) पुढच्या कडेपर्यंत, मागं किंचित उतार. चिखल साचला तर मागं घसरावा म्हणून. मागची कड बंद केलेली नाही. मेस्त्रींचं म्हणणं होतं की ती अजून मागं न्यावी, दगडांपासूनही संरक्षण होईल. तेव्हा प्लेट वाढवण्याआधी तेवढ्या भागावर ताडपत्री घट्ट बांधून बघितलं. टेंपरेचर गेजच्या काचेवर काटा नेहमी राहतो तिथं पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला होता. मागं मोटरी भरून लो गिअरमध्ये चढ काढला. ताडपत्री असताना काटा पट्टी ओलांडून वर गेला आणि उतरायला वेळ लावला. ताडपत्री सोडल्यावर त्याच चढावर तो पट्टीच्या आसपास राहिला. प्लेट होती तेवढीच राहिली. मेस्त्रींनी तिला पुढून बिजागरी लावून दिली, मागचे दोन बोल्ट सोडले की ती खाली लोंबते आणि साचलेला गाळ धुता येतो. ही त्यांचीच कल्पना, आणि सगळ्या कामातली मला सर्वांत आवडलेली.

अल्टरनेटरला वेगळं अर्धगोल कवच दिलं, फक्त चाकाच्या बाजूनं. पुढचं आणि मागचं तोंड उघडंच ठेवलं, कारण त्याच्या आत स्वतःचा पंखा असतो आणि त्याला वारा लागतो. गुंडाळलेला अल्टरनेटर आतून जळतो. आमच्या टेबलावर असे येतात, वरून चकचकीत आणि आत वाइंडिंगचं वार्निश काळं.

उरलेली कामं छोटी. कपलर एकेक सोडून, पिना साफ करून, रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावलं. ज्या वायरी वरून उतरत कपलरमध्ये जात होत्या त्यांना कपलरच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ झोळाच्या तळातून टपकतो, कपलरमध्ये जात नाही. इंजिन आणि चासीच्या मधली अर्थ वायर उघडली, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासला, घट्ट केली आणि वरून व्हॅसलिन. पुढच्या ॲक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करायच्या छिद्राला, नळी जोडून ती फायरवॉलच्या वरपर्यंत आणली. गरम ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी ओढते.

उरलेला सगळा पावसाळा याच जीपनं काम केलं. इंजिन कोरडं राहिलं असं मी म्हणणार नाही. पाणी येतं, ओलावा राहतो, प्लेटच्या वर चिखलाचा थर बसतो. पण बॉनेटमधली ती लाल पट्टी पुन्हा उमटली नाही, बेल्ट किंचाळला नाही, आणि दसऱ्याला अल्टरनेटर मुद्दाम खोलला तेव्हा ब्रश खाचेत मोकळे सरकत होते. रिंगांवर नेहमीचा तपकिरी तकाकीचा थर, चर नाहीत.

धुण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण इतकं करून लोक गाडी प्रेशर वॉशिंगला नेतात आणि चाकानं जे आत घातलं नाही ते पाण्याच्या झोतानं घालतात. इंजिन गरम असताना थंड पाणी मारायचं नाही. हात टेकवता येईल इतकं निवू द्यायचं. साधी नळी, कमी दाब, मऊ ब्रश. अल्टरनेटरवर प्लास्टिक. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूनं पुढं धुवायची, हवा जाते त्याच्या उलट, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेनं निघतं. जोरात मारलं तर जाळीची पाती दुमडतात. धुऊन झालं की इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं.

लाल माती ओली असतानाच काढावी, वाळली की कातडीसारखी चिकटते. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती वेगळी. ओली असताना ती हाताला, ब्रशला, नळीला सगळ्याला धरते आणि पसरत जाते. तिकडून आलो की मी ती अर्धवट सुकू देतो. काळी माती सुकताना आकसते, तडकते, आणि मोठे पोपडे हातानं ओढले तरी निघतात. पण ते रेडिएटरच्या जाळीला लागू नाही, तिथं काळी असो वा लाल, त्याच दिवशी धुवायची.

उजव्या पट्ट्याची शाफ्टजवळची चीर यंदा थोडी रुंद झाली आहे, रबर कडेला झिजलंय. मेस्त्री म्हणतात तिथं तेवढ्यापुरता पातळ नायट्राइल रबराचा तुकडा जोडूया, शाफ्टच्या सांध्याचं ग्रीस त्याला खाणार नाही. मृगाच्या आधी जीप उद्यमबागेत न्यायची आहे, तेव्हा ते करून घेणार.